मदत हवी आहे: स्कॅन करताना धूळ जाते, पण चेहरेही पुसले जातात

फिरकी
जुन्या रंगीत फिल्मा स्कॅन करतोय. धूळ काढणं आणि ग्रेन रिडक्शन (फिल्मचे दाणे कमी करणं) दोन्ही चालू केलं की ठिपके जातात, पण चेहरे मेणाचे दिसतात. काही फ्रेममध्ये तर चष्म्याची काडी अर्धी गायब, काळ्या केसांची कड खाल्ल्यासारखी. बंद ठेवलं तर ठिपकेच ठिपके. नेमकं सेटिंग सांगा, ढीग पडलाय.

दुर्बीण_७
स्कॅनर कोणता? सॉफ्टवेअर? निगेटिव्ह की स्लाइड? किती डीपीआय (इंचाला किती ठिपके)? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

फिरकी
रंगीत म्हटलं ना वर. फ्लॅटबेड आहे. सगळं 'हाय'वर ठेवलंय.

लालदिवा
'सगळं हाय' इथेच पाणी मुरतंय. ही तीन वेगळी कामं आहेत. डिजिटल आइस म्हणजे इन्फ्रारेडची वेगळी फेरी. रंगीत फिल्मचे डाय (रंगद्रव्यं) इन्फ्रारेडला जवळपास पारदर्शक असतात. धूळ आणि ओरखडे नसतात. मग स्कॅनरला डागांचा नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा शेजारच्या पिक्सेलांनी भरली जाते. 'डस्ट रिमूव्हल' नावाचा साधा पर्याय मात्र नुसता चित्रातला बारीक ठिपका बघून अंदाज बांधतो. डोळ्यातली चमक, दागिन्यातला खडा, सगळं त्याला धूळच वाटतं. आणि ग्रेन रिडक्शनला धुळीशी काही देणंघेणं नाही, ते सरसकट गुळगुळीत करतं. आधी बघा, टिक नक्की कशावर आहे.

तिपाई
स्कॅनर बाजूला ठेवा, कॅमेऱ्याने फोटो काढा. मॅक्रो लेन्स १:१, एफ/८, आयएसओ १००, खाली ९५ च्या वर सीआरआयचं (रंग खरे दाखवणारं) लाइटपॅड. फ्रेमला दोन सेकंद.

लालदिवा
@तिपाई, आणि इन्फ्रारेड कुठून आणणार? त्यांनी धुळीबद्दल विचारलंय, वेगाबद्दल नाही.

तिपाई
ब्लोअर आणि अँटिस्टॅटिक ब्रश नीट फिरवला की धूळ उरतेच किती?

लालदिवा
ओरखडे ब्लोअरने उडतात का? दोन सेकंदांत फोटो काढायचा आणि मग हीलिंग ब्रश घेऊन बसायचं.

फिरकी
भांडू नका. एपसन व्ही६००, एपसन स्कॅन, ६४०० डीपीआय, ४८ बिट. टिक डिजिटल आइसवर आहे, ग्रेन रिडक्शन हाय. निगेटिव्ह जास्त, थोड्या स्लाइड्स.

दुर्बीण_७
आता बोललात! चष्म्याची काडी गेली ती फ्रेम निगेटिव्ह की स्लाइड?

फिरकी
स्लाइड. मेणाचे चेहरे मात्र दोन्हीकडे.

दुर्बीण_७
मग दोन वेगळे प्रश्न आहेत. स्लाइडच्या माउंटवर (चौकटीवर) कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, छापलंय का बघा. माउंट बदललेलं असेल तर इमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू उजेडात तिरकी धरा: काळ्या भागाच्या कडेला उठाव दिसला तर कोडाक्रोमच. कोडाक्रोमचा सायन (निळसर-हिरवा) डाय इन्फ्रारेड शोषतो, आणि त्या उठावाच्या कडांनी प्रकाश विखुरतो. त्यामुळे गडद जागा स्कॅनरला डाग वाटते आणि तो ती 'दुरुस्त' करतो. काळी काडी, काळे केस असेच जाणार. निकॉनच्या कूलस्कॅन ९००० या फिल्म स्कॅनरमधलं आइस प्रोफेशनल कोडाक्रोमसाठीच केलेलं होतं, सिल्व्हरफास्ट या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी वेगळी सोय आहे. तुमच्याकडे सरळ आइस बंद करून हाताने डाग काढा. ई-६ च्या (नेहमीच्या पद्धतीने धुतलेल्या) स्लाइड्स आणि सी-४१ (नेहमीच्या रंगीत) निगेटिव्हला आइस बेलाशक चालू ठेवा.

गोंदण
माझ्याकडे कृष्णधवल आहेत, त्यांना चालेल का?

दुर्बीण_७
नाही. त्यात चांदी असते, ती इन्फ्रारेड अडवते, म्हणजे अख्खं चित्रच धूळ ठरतं. इलफर्ड एक्सपी२ सारखी सी-४१ मध्ये धुतलेली असेल तर चालेल. वेगळा धागा काढा बुवा.

चाळणी
मेणाच्या चेहऱ्यांवर उपाय मल्टी-सॅम्पलिंग, म्हणजे तीच फ्रेम अनेकदा वाचणं. १६ पास घ्या, ग्रेन गायब.

लालदिवा
साफ चूक. १६ वेळा वाचलं तरी ग्रेन फिल्मवर आहे तिथेच राहणार. कमी होतो तो सेन्सरचा नॉइज, तोही स्लाइडच्या गडद भागात. फ्लॅटबेडवर पासांमध्ये पाव पिक्सेल जरी सरकलं तरी चित्र मऊ होतं, आणि लोक त्यालाच 'ग्रेन गेला' म्हणतात.

चाळणी
मग हाय रिझोल्यूशन तरी घ्या. कमी डीपीआयला ग्रेन अलायसिंग होऊन दाणे आहेत त्यापेक्षा जाड दिसतात.

लालदिवा
ते धारदार लेन्सच्या फिल्म स्कॅनरला लागू. इथे ऑप्टिक्सच आधी मऊ आहे. ६४०० ला ३५ मिमीची फ्रेम साधारण ९०७० × ६०४७ पिक्सेल, ४८ बिटला सव्वातीनशे एमबीच्या वर, आणि त्यात खरा तपशील वाढत नाही. ३२०० ला घ्या, ८० एमबीच्या आसपास, मग निम्म्यावर आणा. दाणे आपोआप एकमेकांत मिसळतात.

@फिरकी, आधी ग्रेन रिडक्शन पूर्ण बंद करा. अनशार्प मास्कही (धार वाढवणारा) बंद. तो चालू असेल तर एक जण दाणे टोकदार करतोय आणि दुसरा घासतोय. आइस चालू, टिफ ४८ बिट. नंतर एडिटरमध्ये फक्त रंगीत नॉइज उतरवा, ल्युमिनन्सला (उजेड-अंधाराच्या नॉइजला) जवळजवळ हात लावू नका. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, छापायच्या आकारावर. आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे अंडरएक्स्पोज असेल तर सावल्यांतला दाणा कशानेच जाणार नाही. सावल्या थोड्या काळ्या राहू द्या, बास.

पेटारा
स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. बुरशीने इमल्शन खाल्लं की कुठलंही आइस कामाचं नाही.

तिपाई
हे कोणी विचारलंय?

दुर्बीण_७
व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: रॉ फाइल ६४ बिट आरजीबीआय (लाल-हिरवा-निळा-इन्फ्रारेड) ठेवली तर इन्फ्रारेड चॅनल सोबत राहतो, धूळ किती काढायची, लाइट-मीडियम-हेवी, ते नंतर ठरवता येतं. सुरुवात लाइटपासून. हेवीला ठिगळं मोठी होतात आणि तारा, केस, झाडाच्या काटक्यांवर दिसतात.

फिरकी
माउंट कोडाक्रोमचेच निघाले. ३२०० ला ग्रेन बंद करून घेतलं, कातडी कातडीसारखी दिसतेय. पण सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी उभी बारीक रेघ आहे, आइसनेही जात नाही.

लालदिवा
सगळीकडे एकाच जागी म्हणजे ती फिल्मवर नाही. होल्डरच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशनची मोकळी पट्टी असते, तिच्याखालच्या काचेवर कण बसलाय. काच आणि झाकणातली लाइटची खिडकी मायक्रोफायबरने पुसा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि परत प्रिव्ह्यू घ्या.