लंगडणाऱ्या बदकाचं खाद्यही तपासा

नव्यानं आणलेलं बदक लंगडतंय, काय करू, असं इथे विचारलंय. त्याला पाण्याच्या टबात तरंगू द्या, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला पटला. पायावरचा भार हलका होतो. पण नव्यानं आणलेल्या बदकाला तासभर पाण्यात ठेवू नका. आधी पोहायला पाणीच मिळालं नसेल तर पिसांवर तेलाचा थर धड नसतो, ते भिजून गारठतं. कोमट पाण्यात थोडा वेळ, मग पुसून उबेत, एवढं बास.

खाण्याबद्दल मात्र कुणीच विचारलं नाही. आपल्याकडे बदकाला सर्रास कोंबडीचं खाद्य घालतात. बदकाला नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा जास्त लागतं. किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय वाकतात, पिल्लांत तर फारच, आणि लोक पाय मोडला समजून पट्ट्या बांधत बसतात. शेजाऱ्यांच्या लंगड्या पिल्लाला डॉक्टरांनी खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, त्यात नायसिन असतं) मिसळून द्यायला सांगितलं, त्यानंतर ते हळूहळू उभं राहायला लागलं. तुमचं बदक मोठं असेल तर तळपायही उलटून बघा. काळी खपली आणि सूज दिसली तर आत पू असू शकतो. ती घरी खरवडू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्या. आणि उचलताना पायाला धरून नको, अंगाखाली हात घालून.