ज्योतिबासमोर घेतलेली शपथ मोडली. सिगारेट सोडण्याचा पुन्हा प्रयत्न कसा करावा?

प्रश्न (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६ असून मी उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. गेली २२ वर्षे सिगारेट ओढतो. सध्या दिवसाला साधारण १५ होतात आणि पहिली सकाळी तोंड धुण्याआधीच पेटते. यंदा चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गेलो असताना ज्योतिबासमोर मी शपथ घेतली की यापुढे सिगारेटला शिवणार नाही, आणि पुढचे १९ दिवस खरोखरच शिवलो नाही. विसाव्या दिवशी रात्रपाळीत एक मशीन बंद पडले, दुरुस्ती होईपर्यंत आम्ही सगळे चहाच्या गाडीवर गेलो आणि शेजारच्याने पुढे केलेली सिगारेट मी घेतली. दुसऱ्या दिवशी पाकीट घेतले.

तेव्हापासून एकाही रविवारी मी डोंगरावर गेलेलो नाही. पत्नी विचारते तेव्हा कामाचे कारण सांगतो. बारावीतल्या मुलीला गाडीच्या डिकीत पाकीट दिसले. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. एकदा मोडलेली शपथ पुन्हा घेता येते का, आणि या वेळी औषधाची मदत घेतली तर श्रद्धा कमी पडली असे होईल का, हे मला अनुभवी लोकांकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका)

आपण ते १९ दिवस वाया गेले असे समजत असाल, तर तसे समजू नका. सिगारेट बंद केल्यावर होणारी चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, सारखी भूक लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे सर्वांत अवघड भाग आपण कसल्याही औषधाशिवाय पार केला होता. विसाव्या दिवशी आपल्याला गाठले ते चहा, रात्रीची वेळ आणि बरोबरची माणसे यांनी. तिथे काय करायचे हे आधी ठरलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे. तलफ काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात गाडीपासून बाजूला जाऊन पाणी पिणे, तोंडात लवंग किंवा बडीशेप टाकणे, घरी फोन लावणे, यांपैकी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा.

चहाबद्दल मुद्दाम सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर बाहेर टाकते. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचे कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते, त्यामुळे छातीत धडधडते, झोप लागत नाही, आणि माणसाला वाटते की हे सगळे सिगारेट सोडल्यामुळेच होत आहे. पहिला महिनाभर चहा निम्म्यावर आणावा.

उठल्याबरोबर सिगारेट लागते, याचा अर्थ निकोटिनची सवय खोलवर आहे. रक्तातले निकोटिन दर दोन तासांनी सुमारे निम्मे होते, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर शरीर ते मागू लागते. अशा वेळी निकोटिनचे च्युइंगम उपयोगी पडते. ते २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. आपल्याला कोणते योग्य, हे डॉक्टरांनी ठरवावे. नेहमीच्या च्युइंगमसारखे ते सतत चघळू नये. तिखट, झणझणीत चव आली की गालात दाबून ठेवावे आणि चव गेली की पुन्हा थोडे चघळावे. त्याआधी १५ मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत घेऊ नये, कारण मग निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. गोळ्यांच्या स्वरूपातही औषधे आहेत, परंतु ती डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नयेत. विशेषतः पूर्वी कधी फिट आली असेल तर ते अवश्य सांगावे. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तो सरकारी आणि मोफत आहे, तिथे समुपदेशक बोलतात. एक कळकळीची विनंती: सिगारेटच्या जागी तंबाखू-चुना किंवा मिश्री सुरू करू नका. आमच्याकडे अनेकांनी तसे केले आणि पुढे तोंडाच्या तक्रारी घेऊन तेच पुन्हा आले.

उत्तर २ (कागल तालुका)

माझे वय ६३ असून मी माळकरी आहे. निपाणीच्या तंबाखूचा पट्टा आमच्या गावापासून जवळच असल्यामुळे लहानपणापासून विडी हातात होती. माळ घातल्यावरही ती लगेच सुटली नाही, हे मी कोणापासून लपवलेले नाही.

आपण घेतलेल्या शपथेला जन्मभराची मुदत होती, म्हणून एका सिगारेटने ती संपूर्ण मोडल्यासारखी वाटली. आमच्याकडे नेम असतो, आणि नेम त्या-त्या दिवसाचा असतो. एखाद्या दिवशी हरिपाठ चुकला म्हणून वारकरी दुसऱ्या दिवशी टाळ खाली ठेवत नाही. मी रोज सकाळी स्नानानंतर विठ्ठलासमोर एवढेच म्हणत असे की आज रात्री झोपेपर्यंत विडी ओढणार नाही. दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच म्हटले. आषाढी एकादशीला कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीत त्या वर्षी चढाला धाप लागली नाही, तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना.

डोंगरावर जाणे थांबवले, ही गोष्ट मात्र मनाला बरी वाटली नाही. ज्या ठिकाणाहून आपल्याला बळ मिळाले, तेच ठिकाण आपण लाजेपोटी टाळत आहात. देवापुढे जाऊन जसे घडले तसे सांगावे. औषधाचे म्हणाल, तर ताप आल्यावर आपण अंगारा लावतो आणि दवाखान्यातही जातो, आणि त्याचे कोणाला कधी वावगे वाटत नाही.

उत्तर ३ (सदर बाजार)

माझी सिगारेट रमजानमध्ये सुटली. रोजा असताना पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत ओढता येत नाही, पण आधीची अनेक वर्षे मी इफ्तारनंतर लागोपाठ चार ओढून दिवसाची भरपाई करत असे. त्या वर्षी इफ्तारनंतर टपरीकडे न जाता थेट तरावीहच्या नमाजसाठी मशिदीत जाऊन बसू लागलो. दिवसभर निभत होतेच, फक्त तो एक तास सांभाळायचा होता. आपल्यालाही रात्रपाळीतला चहाचा तास सांभाळायचा आहे, असे वाटते.

उत्तर ४ (रंकाळा परिसर)

मी पत्नीच्या बाजूने लिहीत आहे. माझे यजमान सोडत असताना मी रोज खिसे तपासत असे आणि तोंडाचा वास घेत असे, त्यामुळे ते अधिकच लपवू लागले. नंतर आम्ही ठरवले की मी तपासायचे नाही आणि त्यांनी चुकले तर स्वतः सांगायचे. संध्याकाळी आम्ही दोघे रंकाळ्याला फेरी मारू लागलो, कारण कामावरून आल्यानंतरचा पाऊण तास त्यांना सर्वांत जड जात असे. वजन वाढले, ते साधारण चार किलो; त्याची भीती बाळगू नये, पण गोडाऐवजी घरात भाजलेले चणे, काकडी, गाजर ठेवावे. आपण पत्नीला आणि मुलीला खरे सांगा. मुलगी बोलली नाही, याचा अर्थ ती वाट पाहत आहे, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री पत्नीला आणि मुलीला सर्व सांगितले. मुलीने पाकिटावरचा तो क्रमांक स्वतःच्या मोबाईलवरून लावून फोन माझ्या हातात दिला. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. पाळीतल्या दोघा सहकाऱ्यांना सांगून ठेवले आहे की मागितली तरी मला देऊ नका, आणि रात्रीचा चहा गाडीवर न घेता थर्मासमधून मशीनजवळच घेणार आहे. उद्या रविवार आहे, पहाटे आम्ही तिघेही डोंगरावर निघणार आहोत. पुढची रात्रपाळी गुरुवारी सुरू होते. शुक्रवारी सकाळी, जे काही घडले असेल ते इथे लिहीन.