कॅलिफोर्निया किंगस्नेक : रंग आणि नक्षीसाठी जोडी कशी निवडावी?

लेस्टरकर (प्रश्न)

मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो आणि काही वर्षांपासून कॅलिफोर्निया किंगस्नेक जातीचे साप पाळतो. माझ्याकडे आडव्या पट्ट्यांचा एक अल्बिनो (अंगात काळे रंगद्रव्य नसलेला) नर आहे. त्याचे आईवडील दोघेही दिसायला साधे, काळे-पांढरे होते. येत्या वसंतात त्याची जोडी लावण्याचा विचार असून दोन माद्या उपलब्ध आहेत. पहिली त्याच्याच विणीतली बहीण आहे. ती दिसायला साधी असली तरी तिच्या कागदावर ‘६६ टक्के पॉसिबल हेट अल्बिनो’ अशी नोंद आहे. दुसरीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत अखंड उभी रेघ आहे. ती फार देखणी आहे, मात्र तिच्या वंशावळीची कोणतीही नोंद नाही. मला उभ्या रेघेची अल्बिनो पिल्ले हवी आहेत. कोणती मादी निवडावी, आणि पहिल्याच विणीत अशी पिल्ले मिळू शकतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जनुकवेध

पहिल्या विणीत तशी पिल्ले मिळतील असे गृहीत धरू नये. किंगस्नेकमधील अल्बिनोपणा अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे त्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तरच पिल्लू अल्बिनो निघते. एकच प्रत असलेला साप दिसायला पूर्णपणे साधा असतो. त्यालाच छंदी लोक ‘हेट’ म्हणतात. आपल्या नराचे आईवडील साधे दिसत होते आणि तरीही त्यांना अल्बिनो पिल्लू झाले, याचा अर्थ ते दोघेही हेट होते. अशा जोडीच्या पिल्लांपैकी सरासरीने एक चतुर्थांश अल्बिनो निघतात, आणि उरलेल्या साध्या दिसणाऱ्या तीन भागांपैकी दोन भाग हेट असतात. बहिणीच्या कागदावरील ६६ टक्के हा आकडा येथूनच आला आहे. ती अर्धीअधिक हेट आहे असा त्याचा अर्थ नसून, ती एकतर हेट आहे किंवा मुळीच नाही, एवढेच त्यातून समजावे.

ती हेट असेल तर या नराबरोबरच्या विणीत निम्मी पिल्ले अल्बिनो निघावीत. आठ पिल्ले झाली आणि एकही अल्बिनो नसेल, तर ती हेट असूनही असे घडण्याची शक्यता २५६ मध्ये १ एवढीच उरते, म्हणजे ती हेट नाही असे मानायला हरकत नाही. परंतु या जोडीत दोन्ही बाजूंना आडवे पट्टे असल्याने उभ्या रेघेच्या दिशेने आपण एक पाऊलही पुढे जात नाही, आणि त्यासाठी सख्ख्या भावंडांचा संकर करणे मला पटत नाही.

रेघेच्या मादीपासून होणारी पिल्ले, ती स्वतः योगायोगाने हेट (वाहक) नसल्यास, सर्व साधी दिसतील. पण त्यांतील प्रत्येक पिल्लू खात्रीने हेट असेल, कारण अल्बिनो बाप प्रत्येक पिल्लाला ती प्रत देतोच. त्यांतील सर्वांत स्वच्छ रेघेच्या माद्या राखून ठेवाव्यात आणि त्या मोठ्या झाल्यावर त्यांच्या बापाकडे न देता, रक्ताचे नाते नसलेला, शक्यतो रेघेचाच, दुसरा अल्बिनो नर त्यांच्यासाठी शोधावा. मग निम्मी पिल्ले अल्बिनो निघावीत आणि रक्तही ताजे राहील. वेळ अधिक लागेल, परंतु माझ्या मते हाच मार्ग योग्य आहे. तो दुसरा नर घेताना एक खबरदारी घ्यावी : अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो (जांभळट छटेचा प्रकार) हे वेगवेगळ्या जनुकांचे खेळ आहेत. त्यांची जोडी लावल्यास पिल्ले साधी, दोन्हींची वाहक निघतात, आणि विणीची एवढी प्रतीक्षा करणाऱ्याची निराशा होते.

सॅनडिएगोवासी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. केवळ नक्षीबाबत थोडी भर घालतो. उभी रेघ ही पाळणाऱ्यांनी घडवलेली गोष्ट नाही. येथे सॅन डिएगो परिसरातील रानात आडव्या पट्ट्यांचे आणि उभ्या रेघेचे असे दोन्ही साप आढळतात. एके काळी त्यांना दोन निराळ्या जाती मानले जात असे. सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लाउबर यांनी १९३०च्या दशकात एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नक्षींची पिल्ले निघतात हे दाखवून तो समज दूर केला. आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की रेघेच्या मादीपासून आडव्या पट्ट्यांची पिल्लेही निघू शकतात, आणि दोन नक्षींच्या संकरातून तुटक रेघा, ठिपके, अर्धवट पट्टे अशी विस्कटलेली नक्षी येणे अगदी सामान्य आहे. रेघेची अखंडता, पांढऱ्याचे प्रमाण आणि पट्ट्यांची रुंदी या गोष्टी अल्बिनोपणासारख्या एकाच जनुकाच्या हिशेबात बसत नाहीत. त्या पिढ्यान्पिढ्या निवड करूनच सुधारतात. म्हणून पिल्ले निघाली की प्रत्येकाचे वरून छायाचित्र काढून आईवडिलांच्या नोंदीसह जपून ठेवावे. या छंदात नोंदवही हीच खरी मालमत्ता आहे, असे माझे ठाम मत आहे.

वंशावळ नसलेल्या मादीविषयी मला एकच काळजी वाटते. कॅलिफोर्निया किंगस्नेक आणि कॉर्न स्नेक (पाळला जाणारा आणखी एक साप) यांचा संकर होतो, त्याला ‘जंगल कॉर्न’ म्हणतात, आणि ती संतती पुढे प्रजननक्षमही असते. अशा रक्ताचा साप कित्येकदा दिसण्यावरून ओळखता येत नाही. तिची रेघ कितीही सुंदर असली, तरी ज्यांच्याकडून ती घेणार आहात त्यांना आधीचा मालक कोण हे आग्रहाने विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तिची पिल्ले शुद्ध म्हणून कोणालाही देऊ नयेत.

लेस्टरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बहिणीचा विचार मी सोडून देत आहे. रेघेची मादी तीन वर्षांची असून तिचे वजन ३०० ग्रॅमच्या थोडे वर आहे. एवढ्यावर जोडी लावता येईल का? शीतनिद्रेआधी दोघांना एकाच पेटीत ठेवून सवय करावी का?

प्राणीवैद्या

एका पेटीत मुळीच ठेवू नये. किंगस्नेकच्या अन्नात दुसरे सापही असतात; रॅटलस्नेकच्या विषालाही न जुमानणारा हा प्राणी जोडीदारालाही भक्ष्य समजू शकतो. मीलनाच्या वेळी दोघांनाही काही दिवस आधी पोटभर खाऊ घालावे, नराला मादीच्या पेटीत सोडावे आणि आपण तेथेच बसून राहावे. नर मीलनाच्या वेळी मादीची मान तोंडात धरतो, ते स्वाभाविक आहे; परंतु तिच्या शरीराला घट्ट वेटोळे घालून तो आवळू लागला, तर तत्काळ सोडवावे.

वय आणि वजन पुरेसे आहे. मात्र बाहेरून आलेल्या मादीला आधी निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे आणि तिच्या विष्ठेची क्रिप्टोस्पोरिडियमसाठी तपासणी करून घ्यावी. या परजीवीमुळे साप खाल्लेले वारंवार ओकतो, त्याच्या पोटाच्या भागात सूज येते, आणि खात्रीचा उपचार नाही. एका देखण्या मादीपायी संपूर्ण संग्रह गमावण्याची वेळ येऊ नये. शीतनिद्रेपूर्वी दोन-तीन आठवडे अन्न बंद ठेवून पोट रिकामे होऊ द्यावे, त्यानंतर दोन-तीन महिने १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान आणि सतत पाणी. उठल्यावर मादीने नेमाने खाऊन वजन भरून काढले तरच जोडी लावावी; ती रोडावलेली असल्यास रंगाचे सगळे आराखडे एक वर्ष पुढे ढकलावेत. अंडी २७ ते २९ अंशांवर साधारण दोन महिन्यांत उबतात.

पिल्लांच्या घरांचा विचारही आताच करावा. कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियावर पाळीव किंगस्नेक रानात पसरले. १९९८ मध्ये तेथे ते प्रथम दिसले. त्यांत अल्बिनो आणि रेघेचे सापही आहेत, म्हणजे त्यांचे मूळ कोणाच्या तरी पेटीत आहे हे उघड आहे. जेथे हे साप पोहोचले, तेथे त्या बेटावरच आढळणाऱ्या मोठ्या सरड्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. ज्या पिल्लाला हवी ती नक्षी आली नाही, त्यालाही बंदिस्त पेटी आणि जबाबदार मालक मिळालाच पाहिजे. महाराष्ट्रातून हा धागा वाचणाऱ्यांनी धामण किंवा अन्य देशी सापांवर असे प्रयोग मनातही आणू नयेत; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना घरी ठेवणे हा गुन्हा आहे.

लेस्टरकर

आपल्या सूचनेप्रमाणे मादीच्या आधीच्या मालकाचा शोध घेत आहे. ती माहिती आणि तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत जोडी लावणार नाही.