मदत हवी आहे: व्हॅक्यूम ट्यूबच्या जुन्या संचांपासून दोन मीटर बँडचा रिपीटर

सर्व जाणकारांना नमस्कार.

मूळ वाहनांसाठी बनवलेले, ट्यूबवर चालणारे दोन जुने एफएम संच माझ्याकडे चालू स्थितीत असून, एकाचा रिसीव्हर आणि दुसऱ्याचा ट्रान्समीटर जोडून दोन मीटर या हौशी रेडिओ बँडसाठी (सुमारे १४४ मेगाहर्ट्झ) रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल त्याच वेळी ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, उभारण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात ६१४६ ट्यूब आहे. तिच्या प्लेटची उष्णता सोसण्याची मर्यादा सतत वापरात २० वॅट आणि अधूनमधून वापरात २५ वॅट असल्याने मी प्लेट व्होल्टेज कमी करणारच आहे. सोबत पंखाही आवश्यक आहे का?

ट्रान्समीटरची वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलची वारंवारता २४ पटींनी वाढवली जाते, त्यामुळे तो १०० हर्ट्झ सरकला तरी हवेत २.४ किलोहर्ट्झचा फरक पडतो. त्यासाठी ट्यूबची फिलामेंट (तापणारी तार) कायम चालू ठेवणे आणि क्रिस्टलला तापमान स्थिर ठेवणारा ओव्हन बसवणे मला योग्य वाटते.

खरी अडचण निराळीच आहे. ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणाऱ्या रोधावर) सुरू करताच, अँटेनावर कोणताही सिग्नल नसताना, रिसीव्हरच्या पहिल्या लिमिटरच्या (सिग्नलची पातळी मर्यादित करणाऱ्या टप्प्याच्या) ग्रिड करंटचा, म्हणजे आत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा काटा वर चढतो आणि दुर्बळ सिग्नल पार बुडून जातात. ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर) अजून जोडलेला नाही, त्यामुळे हा दोष त्याचा नव्हे. हा वारंवारता वाढवणाऱ्या टप्प्यांतील गोंगाट आहे की पेटीतून आणि वीजपुरवठ्याच्या तारांतून होणारी गळती, हे नेमके कसे ओळखावे? ट्यूबचा रिपीटर प्रत्यक्ष चालवलेल्यांनी चाचणीचा क्रम कृपया सविस्तर सांगावा.