किडनी ट्रान्सप्लान्टनंतर आईची रूट कॅनल: दवाखान्यातल्या हवेची काळजी वाटतेय

मिरजेची_लेक
आईचं (वय ६२) किडनी ट्रान्सप्लान्ट होऊन चौदा महिने झाले. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे. डावी खालची दाढ ठणकतेय, रूट कॅनल सांगितलीय. काल दवाखाना बघून आले. एकाच खोलीत दोन खुर्च्या, मध्ये खांद्याइतकी काच, खिडक्या बंद, स्प्लिट एसी. एका काकांचं स्केलिंग (मशीनने दातांची सफाई) चाललं होतं, ते मधूनच खोकत होते आणि मशीनचं पाणी दिव्याच्या उजेडात धुक्यासारखं उडत होतं. आई तिथे पाऊण तास मास्कशिवाय तोंड उघडून पडणार. विचारलं तर "आमची सगळी हत्यारं स्टरलाइज असतात" म्हणाले. पण हवेचं काय? थांबू का?

दाढवैद्य_सातारा
ताई, थांबू नका. दाढेतला पू अशा पेशंटला जास्त घातक. आधी किडनीच्या डॉक्टरांना कळवा, आणि दुखतंय म्हणून मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका.

तुम्ही पाहिलंत ते धुकं बहुतेक मशीनचंच पाणी, पण त्यात लाळ मिसळते. मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक कण तरंगत राहतात. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. मात्र आईच्याच तोंडातून उडणाऱ्याची भीती तिला नाही, ती मला आणि माझ्या असिस्टंटला. तिला भीती शेजारच्या आणि आधीच्या पेशंटची. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा आणि दुसरी खुर्ची रिकामी ठेवायला सांगा. पहिली वेळ नाहीच मिळाली, तर हा हिशेब लक्षात ठेवा: तासाला ६ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतही ९९ टक्के कण जायला पाऊण तास लागतो. बंद खोलीत त्याहून कितीतरी जास्त. खिडकी उघडून घ्या, उकडलं तरी चालेल.

चेअरसाइड_असिस्टंट
पाण्याचंही विचारा. खुर्चीच्या बारीक नळ्यांत आतून बुळबुळीत थर धरतो, त्यात जंतू वाढतात. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाई लिजिओनेला नावाच्या पाण्यातल्या जंतूच्या न्यूमोनियाने गेल्या, तेच जंतू दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीच्या पाण्यात सापडले. आमच्याकडे बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरतो, नळ्या औषधाने धुतो आणि सकाळी सुरुवातीला पाणी सोडून देतो. रबर डॅम लावतात का तेही विचारा. ते दाढेभोवती ताणून बसवायचं पातळ रबर. त्याने रूट कॅनल करताना लाळ दाढेत जात नाही आणि तोंडातलं कमी उडतं.

मिरजेची_लेक
दोघांचे मनापासून आभार. आधीच्या आणि शेजारच्या पेशंटचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज फोन केला. शनिवारी सकाळी नऊची पहिली वेळ दिली, दुसरी खुर्ची साडेदहापर्यंत रिकामी ठेवतायत. खिडकीला वरून स्क्रू मारलेत, ते काढून देतो म्हणाले. रबर डॅम मात्र ते वापरत नाहीत. सातारचे डॉक्टर, एवढ्यासाठी दुसरा दवाखाना शोधू का?

दाढवैद्य_सातारा
हो, शोधा. रूट कॅनलला डॅम हवाच.