हेल काढून रडणं आणि हुंदका गिळणं

कुणीतरी म्हटलंय की मृत्यूचं दुःख सगळीकडे सारखंच असतं, संस्कृती फक्त विधी ठरवते. मला हे अर्धंच पटतं.

आमचं घर नवी मुंबईतल्या घणसोली गावात. आजी गेली तेव्हा बायका हेल काढून रडल्या. कुणी तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण काढत, कुणी तिने केलेल्या बाळंतपणाची. आमची चूल बंद, जेवण शेजारून. पुढे पलीकडच्या सेक्टरमध्ये मित्राचे वडील गेले. दार लोटलेलं, सगळे कुजबुजत बोलत होते आणि मित्र हुंदका गिळून आलेल्यांना पाण्याचे ग्लास देत होता. दुःख काही कमी नव्हतं हो, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. तो माझ्यासमोर रडला वर्षभराने.

आणि दुःखातून होणाऱ्या हिंसेचं म्हणाल तर, फिलिपिन्समधल्या इलोंगोट लोकांनी मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोझाल्डो यांना सांगितलं होतं की जवळचं माणूस गेल्याच्या संतापातून आम्ही मुंडकी कापायचो. रोझाल्डोंना हे उत्तर कित्येक वर्षं अपुरं वाटलं. १९८१ मध्ये त्यांची पत्नी मिशेल फिलिपिन्समध्येच कड्यावरून पडून गेली, आणि दुःखाबरोबर तसाच संताप त्यांच्यातही उसळला. संताप दोघांकडे होता, पण त्याचं काय करायचं हे इलोंगोटांना त्यांच्या समाजाने शिकवलेलं होतं.

आपल्या सुतकात रडायला जागा आहे, चिडायला नाही. माणूस दगावल्यावर नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात, त्याचं समर्थन मी मुळीच करणार नाही. पण तो राग तिथे कुठून येतो, हे मला आता थोडं कळतं.