नाणार, बारसू आणि आमच्या वाडीतली कुलपं

राजापूरकर
परवा शिमग्याला गावी जाऊन आलो. आमच्या वाडीत २२ घरं, त्यातल्या १३ ला कुलूप. पालखी खांद्यावर घ्यायला माणसं मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागलं. मला एकच म्हणायचंय, आमच्या राजापूर तालुक्यात आधी नाणार, मग बारसू गावात आणायची म्हणत असलेली तेलाची रिफायनरी हवी की नको हा नंतरचा भाग, सरकारने एकदा काय ते ठरवा ना. २०१७ ला कंपनी काढली, ३ लाख कोटींचा प्रकल्प म्हणाले, मग २०१९ ला लोकसभेच्या तोंडावर शिवसेना-भाजप युती करायची म्हणून नाणारचं भूसंपादन रद्द, आणि ज्या शिवसेनेने रद्द करायला लावलं त्यांच्याच मुख्यमंत्र्यांनी, उद्धव ठाकरेंनी, जानेवारी २०२२ ला दिल्लीला पत्र पाठवून बारसूची जागा सुचवली, सत्ता गेल्यावर परत विरोध. माझा चुलतभाऊ आयटीआय फिटर, इतकी वर्षं होईल होईल म्हणत थांबला, शेवटी गेला तळोज्याला. "नाही" म्हणाले असते तर तेव्हाच गेला असता, वय तरी वाया गेलं नसतं.

हापूसवाला देवगड
दादा, भावाचं वाईट वाटलं पण तुमचं म्हणणं पटत नाही. सरकार डगमगलं म्हणूनच आपण वाचलो. ९३ साली रत्नागिरीत स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना येत होता, बागायतदार रस्त्यावर उतरले, काम थांबलं, तोच कारखाना तामिळनाडूत थुथुकुडीला गेला. तिथे २०१८ ला प्रदूषणाविरोधात मोर्चा निघाला आणि गोळीबारात १३ माणसं मेली. ते आपल्याकडे झालं असतं. आणि माणसं काय नाणारमुळे गेली का? २००१ ला रत्नागिरी जिल्हा जवळपास १६.९७ लाख, २०११ ला १६.१५ लाख. सिंधुदुर्गही घटला. तेव्हा नाणारचं नाव तरी कोणी घेत होतं का

राजापूरकर
नाणार नव्हतं, एन्रॉनचा दाभोळचा वीज प्रकल्प होता ना! ९५ ला युती सरकारने रद्द केला, ९६ ला त्यांनीच परत चालू केला, २००१ ला बंद. गुहागर तालुक्यात लोकांनी ट्रक घेतले, खोल्या बांधल्या भाड्याने द्यायला. हे सगळं बघितलेला माणूस गावात पैसा घालेल का पुन्हा? लोकसंख्या फक्त त्यानेच घटली असं नाही म्हणत मी, पण विश्वास तिथूनच उडाला.

रोह्याची लेक
आमच्याकडे उलट झालंय. रोहा-मुरूडला बल्क ड्रग पार्क, म्हणजे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत, येणार म्हणून राज्याने प्रस्ताव दिला, २०२२ ला केंद्राने गुजरात, हिमाचल आणि आंध्रला दिले. म्हणजे इथल्या सरकारने ठरवलं तरी दिल्लीत वजन लागतंच. मी आंदोलनाच्या विरोधात नाही पण दरवेळी खापर गावकऱ्यांवर फोडू नका.

हापूसवाला देवगड
ताई हे बरोबर. पण मला अजून वाटतं माणूस कारखान्यासाठी नाही, दवाखाना आणि शाळेसाठी गाव सोडतो. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चालू आहे. आंब्याची पेटी वाशीला पोचेपर्यंत खड्ड्यात फळ दबतं, वरून खोका चांगला दिसतो, खालचा थर काळा. यासाठी कुठला मोर्चा आडवा आला?

बांदेकर
राजापूरवाल्यांनू, आमच्याकडे या बघायला. सकाळी बांद्याहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीकडे मोटारसायकलींची रांग, डबे लावून सगळे गोव्यात कामाला. जमीन तीच, जांभा तोच, पाऊस तोच, फक्त राज्य दुसरं. गोवा छोटा, तिथला आमदार दारात भेटतो, आमची फाईल मुंबईला जाते. माणूस सिरीयस झाला तर गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटललाच नेतात. आधी रोज ये-जा, मग म्हापशाला खोली, मग पोरांची शाळा तिकडेच. माझा भाऊ तसाच गेला, कोणी हाकललं नाही त्याला. रेशनकार्ड अजून बांद्याचं आहे आणि आई एकटी आहे घरात.

राजापूरकर
बांदेकर, हे वाचून गप्प झालो. हापूसवाले, दवाखान्याचं तुमचं मान्य. पण तो दवाखाना बांधायचा की नाही हेही तिथेच ठरतं ना, मंत्रालयात?